दिमिष्क, यशया १७ आणि सीरियातली उलथापालथ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जय ख्रिस्त मंडळी. ८ डिसेंबर २०२४ ला रविवार होता, उपासनेला निघायच्या गडबडीत फोन बघितला तर एकच मेसेज वेगवेगळ्या लोकांकडून अकरा वेळा आलेला, "असद पळाला, दिमिष्क पडले, यशया १७:१ आज पूर्ण झाले, दहा जणांना पाठवा". (असद म्हणजे सीरियाचा तेव्हाचा अध्यक्ष, आणि यशयाच्या त्या वचनात दिमिष्क नगर नाहीसं होऊन नासाडीचा ढीग होईल असं आहे.) मग पुढच्या जूनमध्ये तिथल्या चर्चमध्ये स्फोट झाला तेव्हा परत तेच, जुलैमध्ये इस्राएलने दमास्कसवर बॉम्ब टाकले तेव्हा परत तेच, म्हणजे यशया १७ वर्षभरात तीनदा पूर्ण झाला. मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेलो नाही, आमच्याकडे गुरुवारचा बायबल स्टडी असतो तो बघतो एवढंच, पण दर वेळी तेच तेच प्रश्न येतात आणि मी तेच तेच व्हॉइस नोट पाठवतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं.

दिमिष्क म्हणजे दमास्कसच ना? आणि सीरिया म्हणजे अश्शूर का?

पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही, आणि निम्मा घोळ इथेच होतो. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात जिथे जिथे दिमिष्क आहे ते आजचं दमास्कस, सीरियाची राजधानी. जुन्या करारात त्या देशाला अराम म्हटलंय, नव्या करारात सूरिया. अश्शूर वेगळं, ते त्याच्या पूर्वेला, त्याची राजधानी निनवे म्हणजे आजच्या इराकमधलं मोसूल शहर, जिथे योनाला जायचं नव्हतं ते. तेव्हा अश्शूरवरचं वचन उचलून सीरियाच्या बातमीला चिकटवणारा फॉरवर्ड आला की तिथेच सोडून द्या, पुढे वाचायची गरज नाही.

यशया १७ आत्ता पूर्ण होतंय का?

नाही. आता का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

इ.स.पू. ७३४ च्या सुमाराची गोष्ट. यरुशलेमात आहाज राजा. उत्तरेला दोन शेजारी, इस्राएलचा म्हणजे एफ्राईमचा राजा पेकह आणि दिमिष्कचा राजा रसीन. तिकडून अश्शूर सगळ्यांना गिळत सुटलेलं, त्याच्याविरुद्ध ह्या दोघांनी आघाडी केली आणि आहाज काही त्यांच्यात येईना म्हणून त्यालाच खाली खेचायला यरुशलेमवर चाल करून आले. यशया ७ मध्ये हे सगळं आहे, वाऱ्याने रानातली झाडं हलावी तशी लोकांची मनं हलली असं लिहिलंय. आणि यशया जाऊन आहाजला सांगतो की घाबरू नको, हे दोघं म्हणजे धुमसणारी कोलितं आहेत, विझत आलेली. आता राजाने संदेष्ट्याचं ऐकावं ना, पण नाही, ह्याने मंदिरातलं सोनं-चांदी काढलं आणि अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर ह्याला पाठवून दिलं की ये आणि मला वाचव. तो आला. इ.स.पू. ७३२ मध्ये त्याने दिमिष्क घेतलं, रसीनला मारलं, लोकांना कीर नावाच्या ठिकाणी हद्दपार केलं. हे २ राजे १६:९ मध्ये एका वचनात उरकलंय.

आता १७ वा अध्याय उघडा आणि फक्त पहिलं वचन नको, तिसरंही वाचा. त्यात एफ्राईम आहे! दिमिष्कचं राज्य जाईल आणि एफ्राईमचा किल्लाही जाईल, म्हणजे ज्या दोघांनी आघाडी केली होती त्याच दोघांबद्दल चाललंय. २०२४ मध्ये एफ्राईम नावाचं राज्य कुठे आहे? आणि अजून एक, यशया ८:४ मध्ये तर मुदतच दिलीये, संदेष्ट्याचं स्वतःचं बाळ "बाबा, आई" म्हणायला शिकायच्या आत दिमिष्कची दौलत अश्शूरचा राजा उचलून नेईल. (त्या बाळाचं नाव महेर-शालाल-हाश-बज. बिचाऱ्याला शाळेत काय हाक मारत असतील.) बाळ बोलायला शिकतं दीड-दोन वर्षांत, अडीच हजारांपेक्षा जास्त वर्षांत नाही. आहाजला उत्तर हवं होतं ते त्याच्या हयातीत मिळालं.

पण "नगर नाहीसे होईल, नासाडीचा ढीग होईल" असं लिहिलंय आणि दमास्कस तर आजही आहे, म्हणजे अजून व्हायचंय ना?

हा प्रश्न खरा आहे, ह्याला उडवून लावता येत नाही. दमास्कस हजारो वर्षं सलग वसलेलं शहर आहे, जगातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक, अश्शूरनंतर तिथे बाबेल, पारस, ग्रीक, रोमी, अरब, तुर्क, फ्रेंच सगळे येऊन गेले आणि शहर जागेवरच. माझ्याही डोक्यात हे बरीच वर्षं अडकलेलं.

मला ज्याने उत्तर मिळालं ते म्हणजे तिग्लथ-पिलेसरचा स्वतःचा शिलालेख. त्याने निमरूदच्या (मोसूलजवळचं जुनं अश्शूरी शहर) राजवाड्यात भिंतींवर कोरून घेतलंय की दिमिष्कच्या १६ जिल्ह्यांतली ५९१ गावं मी महापुरानंतरच्या ढिगाऱ्यासारखी करून टाकली, रसीनला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं त्याच्याच शहरात कोंडलं, त्याच्या बागा तोडल्या, एक झाड ठेवलं नाही. आता बघा, ढिगाऱ्याची भाषा दोन्हीकडे सारखीच आहे, राजा फुशारकीत बोलतोय आणि संदेष्टा दुःखात बोलतोय, पण त्या काळी एखादं राज्य संपलं हे सांगायची हीच पद्धत होती. आपणही म्हणतोच की पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली, कोणी बांगड्या मोजत बसत नाही. दिमिष्कचं राज्य त्या दिवशी खरंच संपलं, अश्शूरचा एक प्रांत झाला, अरामच्या राजघराण्याने परत तिथून राज्य केलं नाही.

काही चांगले, प्रभूवर प्रेम करणारे लोक म्हणतात की ह्या वचनाचा अजून एक शेवटचा भाग बाकी आहे. म्हणोत. त्यांच्याशी माझं भांडण नाही, माझं भांडण तारीख लावणाऱ्यांशी आहे.

हे सगळं फक्त बायबलमध्येच आहे की दगडावर पण काही सापडलंय?

सापडलंय आणि भरपूर. १९९३ मध्ये उत्तर इस्राएलमध्ये तेल दान इथे एक फुटका शिलालेख सापडला, अरामी भाषेत, दिमिष्कच्या राजाने विजयाचा उभा केलेला, बहुतेक अभ्यासक तो हजाएलचा मानतात. त्यात "दावीदाचे घराणे" असे शब्द आहेत. तोपर्यंत काही विद्वान म्हणायचे की दावीद वगैरे कथा असेल, आणि साक्ष दिली कोणी तर दुश्मनाने. त्याआधीचा एक अश्शूरी लेख आहे, त्यात इ.स.पू. ८५३ च्या कर्करच्या लढाईत दिमिष्कचा राजा आणि इस्राएलचा अहाब एकाच बाजूने लढले असं आलंय, म्हणजे हे शेजारी कधी भाऊ कधी वैरी, भाऊबंदकी म्हणतो ना आपण तसं.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट, ह्याला मुंबईचा संबंध आहे. निमरूदला लेयार्ड नावाच्या इंग्रजाने खोदकाम केलं तेव्हा तिथला माल बसऱ्याहून बोटीने आधी मुंबईला यायचा आणि मग लंडनला जायचा. १८४८ मध्ये तो प्रसिद्ध काळा स्तंभ, ब्लॅक ऑबेलिस्क, ज्यावर इस्राएलचा येहू राजा अश्शूरच्या राजापुढे नाक घासताना कोरलाय आणि ज्यावर दिमिष्कच्या हजाएलवरच्या स्वारीचा उल्लेख आहे, तो आपल्या मुंबईत पडून होता. इथे पेट्या उघडल्या गेल्या, लोकांनी येऊन बघितलं, लेयार्डला फार राग आला म्हणतात कारण सामान विस्कटलं. निमरूदचे काही कोरीव दगड आजही मुंबईत आहेत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, काळा घोड्याला. यूट्यूबवर "प्रॉफेसी अपडेट" बघण्यात घालवता त्या दोन तासांत लोकलने जाऊन बघून येता येईल, दाढीचे कुरळे केस एकेक मोजता येतात इतके स्वच्छ आहेत. खुद्द निमरूद २०१५ मध्ये आयसिसने बुलडोझर आणि स्फोटकं लावून उडवलं.

देवाला दिमिष्कचा राग होता का? संदेष्टे तर सारखे त्यांच्याविरुद्धच बोलतात.

आमोस पहिला अध्याय बघा, पहिलाच नंबर दिमिष्कचा, का तर त्यांनी गिलादातल्या लोकांना लोखंडी यंत्रांनी मळणी करावी तसं मळलं. युद्धातल्या क्रूरपणाचा राग आहे तो. पण आमोस तिथे थांबत नाही, एकेक शेजारी घेत घेत शेवटी यहूदा आणि इस्राएलवर येतो, आणि ऐकणारे जे इतका वेळ टाळ्या वाजवत असतील त्यांची बोलती बंद. आणि ९:७ मध्ये तर देव म्हणतो की इस्राएलला मिसरातून जसं काढलं तसं अरामी लोकांना कीरहून मीच आणलं ना. म्हणजे त्यांचीही एक निर्गमाची गोष्ट आहे देवाकडे, आपल्याला फक्त ती लिहून मिळालेली नाही.

मग नामान. दिमिष्कचा सेनापती, कोडी, घरात पळवून आणलेली इस्राएली पोरगी मोलकरीण, आणि तीच मालकिणीला सांगते की धनी आमच्या संदेष्ट्याकडे गेले तर बरे होतील. तिच्या जागी आपण असतो तर म्हणालो असतो का? तो आधी फुगतो, आमच्या दिमिष्कच्या अबाना आणि परपर नद्या काय वाईट आहेत ह्या यार्देनपेक्षा, पण शेवटी बुडी मारतो आणि बरा होऊन जाताना दोन खेचरांवर इस्राएलची माती लादून घरी नेतो. शेकडो वर्षांनी येशूने नासरेथच्या सभास्थानात ह्याच नामानाची आठवण काढली, तेव्हा गावकऱ्यांनी त्याला कड्यावरून ढकलायला नेलं. त्यांना राग कसला आला? सूरियातला माणूस देवाला चालतो ह्याचा.

आणि यशयाचंच बघायचं तर १७ च्या आधीचं पान उलटा. १६ व्या अध्यायात मवाबची नासाडी सांगताना तो रडतोय, शत्रूच्या द्राक्षमळ्यांसाठी रडतोय. आणि १७ च्या पुढे दोन अध्याय गेलात तर १९ च्या शेवटी मिसर आणि अश्शूरमध्ये राजमार्ग होईल आणि देव मिसराला माझे लोक आणि अश्शूरला माझ्या हातची कृती म्हणेल असं आहे. म्हणजे १६ मध्ये रडणं, १९ मध्ये आशीर्वाद, आणि फॉरवर्ड करणारा बरोबर मधलं एक वचन कापून घेतो आणि खाली नाचणारा इमोजी लावतो.

तिथे आज ख्रिस्ती आहेत का? असले तर कधी कन्व्हर्ट झाले?

हा प्रश्न मला ऑफिसमध्येही येतो आणि खरं सांगायचं तर चर्चमध्येही. अहो, ते कन्व्हर्ट कसले, शौल, म्हणजे नंतरचा प्रेषित पौल, त्यांना धरायला निघाला होता तेव्हाच ते तिथे होते! प्रेषितांची कृत्ये ९ वाचा, येशू वधस्तंभावर गेल्यानंतर काही वर्षांतच दिमिष्कात विश्वासणारे आहेत, हनन्या आहे. आणि ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा पडलं ते अंत्युखियात, जे तेव्हा सूरिया प्रांताचं मुख्य शहर होतं, आज तुर्कस्तानात अंताक्या म्हणून आहे, फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात जमीनदोस्त झालं ते. अंत्युखियाचे पॅट्रिआर्क म्हणजे धर्मप्रमुख मात्र दमास्कसमध्येच बसतात, ग्रीक ऑर्थोडॉक्सांचे शेकडो वर्षांपासून आणि सिरियॅक ऑर्थोडॉक्सांचे १९५९ पासून. पुण्या-मुंबईत तुमच्या शेजारी जे केरळचे जॅकोबाइट सिरियन लोक असतील ना, त्यांच्या उपासनेत दमास्कसच्या त्या सिरियॅक पॅट्रिआर्कचं नाव घेऊन प्रार्थना होते.

दमास्कसच्या उत्तरेला डोंगरात मालूला नावाचं गाव आहे, कड्याला चिकटलेली घरं, तिथे आणि शेजारच्या दोन गावांत अजून पश्चिमी अरामी बोलतात, येशू बोलायचा त्या भाषेची नातेवाईक. आपल्या मराठी बायबलमध्येही तिचे तुकडे तसेच ठेवलेत, तलीथा कूम, अब्बा, मारानाथा. सप्टेंबर २०१३ मध्ये नुस्रा फ्रंट ह्या जिहादी संघटनेने आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी त्या गावावर हल्ला केला, डिसेंबरमध्ये मार थेक्ला मठातल्या नन्स पळवल्या, त्या मार्च २०१४ मध्ये सुटल्या.

युद्धाआधी सीरियात साधारण दहा टक्के ख्रिस्ती असल्याचं सांगितलं जायचं, आता काही लाख उरले असतील, बाकीचे लेबनॉन, स्वीडन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असे पांगले.

असद ख्रिश्चनांचा रक्षक होता ना? मग तो गेला हे वाईट की चांगलं?

ह्याचं एका ओळीत उत्तर देणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

आधी हे बघा की असद घराण्याची सत्ता आधी बाप मग मुलगा अशी पन्नासपेक्षा जास्त वर्षं होती, स्वतः अलावी म्हणजे अल्पसंख्य, आणि त्यांनी बाकीच्या अल्पसंख्यांना सांगून ठेवलेलं की आम्ही आहोत म्हणून तुम्ही आहात. ह्यात खोटं काहीच नव्हतं असं नाही. ख्रिसमसला सुट्टी असायची, घंटा वाजायच्या, मिरवणुका निघायच्या. आणि ख्रिस्ती लोकांना १८६० विसरता येत नाही, त्या जुलैत दमास्कसमध्ये हजारो ख्रिस्ती मारले गेले होते. (त्यात हेही लक्षात ठेवा की तेव्हा हजारोंना स्वतःच्या घरात ठेवून वाचवलं ते अल्जीरियाचा अमीर अब्देल कादर ह्या मुसलमान माणसाने, फॉरवर्डमध्ये हे कधी येत नाही.) भीती खरी असते तेव्हा माणूस छत्री कोणाची आहे ते बघत नाही.

पण छत्रीचं भाडं काय होतं? दमास्कसपासून तीसेक किलोमीटरवर सैदनाया गाव आहे. तिथे मरियेचा फार जुना मठ आहे, परंपरेने सहाव्या शतकातला, सम्राट जस्टिनियनने बांधलेला, मूल होत नाही म्हणून नवस बोलायला ख्रिस्ती बायकाही जातात आणि मुसलमान बायकाही, अगदी आपल्या माउंट मेरीच्या जत्रेसारखं. आणि त्याच सैदनायाच्या नावाचा तो तुरुंग, जिथे २०११ ते २०१५ मध्ये १३,००० पर्यंत माणसं फासावर दिली गेली असा अंदाज अॅम्नेस्टीने २०१७ मध्ये मांडला. एकाच नावाची दोन ठिकाणं, एकीकडे मेणबत्त्या, दुसरीकडे ते. ८ डिसेंबरला तुरुंगाचे दरवाजे उघडले आणि बायका मुलाचा नाहीतर नवऱ्याचा फोटो हातात धरून कोठडी-कोठडी फिरत होत्या, तो व्हिडिओ मी पूर्ण बघू शकलो नाही.

हे सगळं सुरू कुठून झालं तर २०११ मध्ये दरा शहरातल्या शाळकरी पोरांनी भिंतीवर सरकारविरोधी घोषणा लिहिल्या, त्यांना पकडून हालहाल केले, लोक रस्त्यावर आले, त्यांच्यावर गोळ्या चालल्या. मग अंदाजे पाच लाख माणसं मेली आणि निम्म्याहून जास्त देश घर सोडून गेला. ख्रिस्ती दोन्ही बाजूंना होते आणि दोन्ही बाजूंनी मारले गेले. अलेप्पोचे दोन बिशप, योहन्ना इब्राहिम आणि पौल याझिजी, २२ एप्रिल २०१३ ला गाडीतून पळवले गेले, त्यांचं पुढे काय झालं ते कळलेलंच नाही. पौल याझिजींचा सख्खा भाऊ म्हणजे आजचे ग्रीक ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्क. दर रविवारी लोकांना आशा द्यायची आणि घरी भावाचा पत्ता नाही.

माझं मत विचाराल तर मंडळीने राजाच्या छत्रीखाली उभं राहायची किंमत आहाजने दाखवलीच आहे. तोही अश्शूरकडे रक्षणच मागायला गेला होता, दिमिष्कला जाऊन तिग्लथ-पिलेसरला भेटला, तिथली वेदी आवडली म्हणून तिचा नकाशा यरुशलेमला पाठवला आणि तशीच मंदिरात बांधून घेतली. पण हे मी पुण्यात पंख्याखाली बसून म्हणतोय, तिथल्या आईबापांना मी हे तोंडावर सांगणार नाही.

जून २०२५ मध्ये चर्चमध्ये नक्की काय झालं?

२२ जून, रविवार, संध्याकाळची उपासना चालू होती, दमास्कसच्या द्वैला भागातलं मार एलियास चर्च. बंदूकधारी आत शिरला, गोळ्या झाडल्या आणि स्वतःला उडवलं. पंचवीसच्या आसपास लोक गेले, कितीतरी जखमी. सरकारने आयसिसचं नाव घेतलं, जबाबदारी दुसऱ्याच एका लहान जिहादी गटाने घेतली.

मार एलियास म्हणजे संत एलिया. आपला एलिया संदेष्टा. आणि १ राजे १९ आठवा, एलिया जीव नकोसा होऊन होरेबच्या गुहेत बसलाय, तेव्हा त्याला ती शांत, मंद वाणी ऐकू येते आणि देव पहिली आज्ञा काय देतो, ज्या वाटेने आलास तिने परत फिर आणि दिमिष्कच्या रानात जा. म्हणजे ह्या नावाचा आणि त्या शहराचा संबंध जुनाच आहे. आपल्या कोकणातले बेने इस्राएल लोक, अलिबागकडचे, शनवार तेली म्हणायचे ज्यांना, ते एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा करतात. एक संदेष्टा, अलिबागच्या यहुद्यांचाही आणि दमास्कसच्या अरब ख्रिश्चनांचाही. त्या दिवशी मला हेच सुचत राहिलं, का ते सांगता येत नाही.

नवा अध्यक्ष अल-शरा म्हणजे ख्रिस्तविरोधी का?

नाही हो. ख्रिस्तविरोधी म्हणजे शेवटच्या काळात येणार म्हणतात तो अँटिख्राइस्ट, आणि आजवर त्याची खूण म्हणून सद्दाम होता, गोर्बाचेव्हच्या कपाळावरचा डाग होता, बारकोड होता, लस होती. माणूस आधी अल-कायदाशी जोडलेला होता, आता सूट घालतो, अल्पसंख्यांना संरक्षण देऊ म्हणतो. पण मार्च २०२५ मध्ये किनाऱ्यावर अलावींची आणि जुलैमध्ये दक्षिणेतल्या सुवैदात द्रूझ ह्या अल्पसंख्य पंथाच्या लोकांची कत्तल झाली ती त्याच्याच राज्यात. त्याला मोजायचं तर ह्याने मोजा, प्रकटीकरणाच्या गणिताने नको.

आपण ख्रिस्ती म्हणून इस्राएलच्या बाजूने नको का? शास्त्रात तर स्पष्ट आहे.

यहुदी लोकांवर प्रेम, त्यांच्याबद्दल वाईट न बोलणं, ह्यावर वाद नाही, आपला प्रभूच त्यांच्यातला. पण १९४८ मध्ये स्थापन झालेल्या एका देशाच्या सरकारचा प्रत्येक हवाई हल्ला म्हणजे यशयाची पूर्तता हे मला पटत नाही, कारण खुद्द यशयाने यरुशलेमच्या सरकारला जितकं झोडलंय तितकं आपण कोणीच झोडत नाही. आणि बॉम्बखाली आपलेही आहेत. १७ जुलै २०२५ ला गाझातल्या होली फॅमिली चर्चवर इस्राएली तोफगोळा पडला, तिघं गेली. त्याआधी ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने जे केलं तेही माणुसकीला सोडूनच. आमच्या स्टडीत ह्या प्रश्नावर दोन जण महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते, आता बोलतात, मत बदललेलं नाही कोणाचंच.

इराण म्हणजे एलाम, रशिया म्हणजे गोग, बरोबर?

एलाम आजच्या इराणच्या नैऋत्य भागात होतं हे बरोबर. पण इराणचं नाव काढलं की एलामवरची शिक्षाच कशी आठवते, कोरेश का नाही आठवत? पारसचा राजा, यशया ४५ मध्ये देव त्याला आपला अभिषिक्त म्हणतो, त्यानेच यहुद्यांना घरी जाऊ दिलं. गोग म्हणजे यहेज्केल ३८-३९ मधला इस्राएलवर चालून येणारा शत्रू, आणि रशिया हे नाव यहेज्केलात नाही. एवढंच.

फॉरवर्ड आला तर तपासायचा कसा?

मी तीन गोष्टी करतो. वचन दिलं असेल तर मागचा-पुढचा पूर्ण अध्याय वाचतो, बहुतेक मेसेज इथेच गळतात. फोटो असेल तर गूगलवर उलटा शोधतो, मागे एकदा "दिमिष्कचा ढिगारा, आजचा फोटो" म्हणून आलेला तो निघाला होम्सचा, दहा वर्षं जुना. आणि तिसरं, मेसेजमध्ये तिथल्या एकाही माणसाबद्दल कळवळा आहे का बघतो. नसेल तर पाठवणाऱ्या काकू कितीही प्रेमळ असोत, पुढे ढकलत नाही. (काकू, वाचत असाल तर रागावू नका, तुमच्या सांदण्यांवर माझं प्रेम तसंच आहे.)

प्रार्थना विषय म्हणून काय घ्यायचं?

"सीरियात शांती" एवढंच घेतलं की दोन मिनिटांत आमेन होतं, म्हणून आम्ही नावाने घेतो. ते दोन बिशप. मार एलियास चर्चमधली घरं. ज्यांना सैदनायात कोणीच सापडलं नाही त्या आया, त्यांच्यात बहुसंख्य मुसलमान आहेत, त्यांनाही. सुवैदाचे द्रूझ. परत जावं की नाही ह्या पेचात परदेशी अडकलेली कुटुंबं. आणि हो, बंदूक हातात असलेला एखादा शौल, कारण ह्याच शहराच्या वाटेवर एकदा शौलाचं मन पालटलेलं आहे.

तो "नीट नावाचा रस्ता" अजून आहे का? आणि खरंच नीट आहे का?

आहे! (प्रेषितांची कृत्ये ९ मधला, जिथे शौल उतरला होता तो.) जुन्या दमास्कसमध्ये पूर्व-पश्चिम साधारण दीड किलोमीटर, रोमी लोकांचा राजरस्ता होता, दोन्ही बाजूंना खांब, आज पश्चिमेच्या टोकाला मिधत पाशाचा बाजार आहे, मसाले, कापड, साबण, आणि पूर्वेला बाब शर्की दरवाजा. मध्ये एक रोमी कमान आहे ती जमिनीखाली सापडली आणि वर आणून परत उभी केली, कारण जुना रस्ता आजच्या रस्त्याच्या काही मीटर खाली गाडलेला आहे. बाब शर्कीजवळच्या गल्लीत हनन्याचं घर म्हणून दाखवतात तेही तळघरातच आहे, पायऱ्या उतरून जायचं, दगडी भिंती, साधे बाक. हनन्या तिथूनच निघाला असेल, मनात धाकधूक, ज्याने आपल्या लोकांना तुरुंगात घातलं त्याच्याकडे, आणि गेल्यावर पहिला शब्द काढला तो "शौल भाऊ".

बाकी रस्ता अगदी नीट नाही. मध्ये एक-दोन ठिकाणी हलकं वळण घेतो.